चौथ्या गुरुवारचे ताट

थँक्सगिव्हिंग असते नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, पण अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत ते सुरू होते आदल्या रविवारी. सोळा पौंडांची, म्हणजे साधारण सव्वासात किलोची गोठवलेली टर्की त्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवावी लागते. दर चार-पाच पौंडांमागे एक पूर्ण दिवस, असा तिथल्या कृषी खात्याचा हिशेब आहे. घाई करून ती ओट्यावर ठेवली, तर बाहेरचे मांस बिघडते आणि आत बर्फच राहतो. सोमवारी क्रॅनबेरीचा सॉस, मंगळवारी पायच्या पारीचे पीठ, बुधवारी पावाचे तुकडे वाळवणे. गुरुवारी सकाळी ओव्हन लागतो. चारेक तासांनी टर्कीच्या मांडीत थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसले, की घरातली एक बाई सुटकेचा श्वास टाकते (अजूनही बहुतेक घरांत ती बाईच असते). जेवण पाऊण तासात आटोपते. मग अर्धे घर फुटबॉलच्या सामन्यासमोर जाऊन बसते आणि उरलेले अर्धे भांड्यांसमोर.

जो पदार्थ वर्षातून एकदाच करायचा, आणि तोही पंधरा-वीस पाहुण्यांच्या देखत, त्याची धास्ती वाटणारच. टर्की विकणारी बटरबॉल कंपनी १९८१ पासून या दिवसांत लोकांसाठी हेल्पलाइन चालवते. पहिल्या वर्षी सहा गृहविज्ञानतज्ज्ञ फोनवर बसल्या आणि त्यांनी सुमारे अकरा हजार फोन घेतले.

पुढच्या पानांत या सणाच्या घरगुती पाककृती आहेत आणि घरच्यांनी मिळून करायच्या काही गोष्टीही. अशा संग्रहाला इतिहासाची प्रस्तावना कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. त्या गुरुवारी टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण कशाबद्दल ना कशाबद्दल आभारी असतो: तब्येत, नोकरी, कुटुंब, समोरचे अन्न. पण हे आभार कोणाचे, असे विचारले की बोलणे अडखळते. या सणाचा सगळा इतिहासच असा अडखळत आलेला आहे.

शाळकरी पुस्तकांत जिला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ म्हणतात, ती मेजवानी १६२१ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ वसाहतीत झाली. तिची प्रत्यक्षदर्शी हकिगत एका पत्रात आहे. वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोने ११ डिसेंबर १६२१ रोजी इंग्लंडमधल्या मित्राला ते लिहिले, आणि मेजवानीला त्यात जेमतेम एक परिच्छेद मिळाला. पीक घरात आल्यावर चार माणसे पक्षी मारायला पाठवली. वॅम्पनोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट नव्वदेक माणसे घेऊन आला. तीन दिवस खाणेपिणे चालले. पाहुण्यांनी जाऊन पाच हरणे मारून आणली. बस्स. त्या मेजवानीला विन्स्लोने थँक्सगिव्हिंग म्हटलेले नाही. टर्कीचे नावही तो घेत नाही. रानटर्की त्या हंगामात भरपूर मिळाल्या, हे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डच्या लिखाणातून कळते. बटाटा तिकडे अजून पोचला नव्हता आणि पायसाठी लागणारे गव्हाचे पीठ, लोणी व ओव्हन वसाहतीत नव्हते. आज ज्यांच्याशिवाय थँक्सगिव्हिंगचे ताट पुरे वाटत नाही, ते बहुतेक पदार्थ त्या तीन दिवसांत कोणाच्या स्वप्नातही नसणार.

विन्स्लोच्या पत्रात आणखीही काही गोष्टी नाहीत. मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे गेले. शरद ऋतूपर्यंत प्रौढ स्त्रियांपैकी फक्त चौघी उरल्या होत्या: एलेनॉर बिलिंग्टन, एलिझाबेथ हॉपकिन्स, मेरी ब्रूस्टर आणि सुझॅना व्हाइट. पैकी सुझॅना नवरा गमावून त्याच वर्षी विन्स्लोशी लग्न करून बसली होती. पन्नास वसाहतकरी अधिक नव्वद पाहुणे, गुणिले तीन दिवस. पक्षी सोलण्यापासून मका शिजवण्यापर्यंतचे काम या चौघींनी हाताखालच्या मुलींना घेऊन उरकले असणार. पत्र लिहिणारा गृहस्थ त्यांतल्या एकीचा नवरा. तरी तिच्याबद्दल एक शब्द नाही.

मक्याची गोष्ट थोडी वेगळी. वीस एकरांवर मका लावला, तिथल्या लोकांच्या पद्धतीने मासळीचे खत घातले, आणि पीक चांगले आले, हे विन्स्लो मोकळेपणाने सांगतो. इंग्लंडहून आणलेल्या बियाण्याचा वाटाणा फुलोऱ्यातच करपला, हेही लपवत नाही. ही पद्धत शिकवणारा माणूस होता टिस्क्वांटम. त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमधल्या मालागा बंदरात विकायला नेले होते. तिथून सुटून तो लंडनला पोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याचे पटुक्सेट हे गाव साथीच्या रोगात साफ ओस पडलेले होते. प्लिमथ वसाहत त्याच गावाच्या जागेवर उभी राहिली. आयती साफ केलेली शेतजमीन मिळाली ती अशी. टिस्क्वांटम परक्या लोकांना मका लावायला शिकवत होता, तो स्वतःच्या मेलेल्या गावाच्या शिवारात.

पुढचे वाचायला जड आहे, पण ते टाळून हा सण कळत नाही. मॅसासोइटच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा मेटाकॉम आणि वसाहतवाले यांच्यात १६७५ मध्ये युद्ध पेटले. ऑगस्ट १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला. प्लिमथच्या चर्चमध्ये ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस पाळला जात असताना त्याचे शीर तिथे आणण्यात आले. भाल्यावर खोचलेले ते शीर पुढे कित्येक वर्षे गावात तसेच होते. त्याच्या बायको-मुलाला गुलाम म्हणून विकले. तीन दिवस एका पंगतीला बसलेल्यांच्या पुढच्याच पिढीत हे घडले.

म्हणून सगळे अमेरिकन हा दिवस एकाच भावनेने पाळत नाहीत. मेफ्लॉवरच्या आगमनाला १९७० मध्ये ३५० वर्षे झाली, तेव्हा समारंभात बोलायला वॅम्पनोआग समाजातल्या वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना बोलावणे होते. भाषणाचा मजकूर आधी पाहून आयोजकांनी तो नाकारला. दुसरा मजकूर वाचायला जेम्स यांनी नकार दिला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासोइटच्या पुतळ्यापाशी, राष्ट्रीय शोकदिन पाळला गेला. तेव्हापासून दर वर्षी पाळला जातो. वॅम्पनोआग लोक इतिहासजमा झालेले नाहीत. मॅशपी आणि अक्विना इथे त्यांचे समाज आहेत, आणि अक्विनाचे लोक ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरी खुडायचा आपला सण करतात. त्याला या गुरुवारच्या सणाची गरज लागत नाही.

मग १६२१ ची ती मेजवानी राष्ट्रीय सण झाली कशी? मधली दोनशे वर्षे ती जवळजवळ विस्मरणातच होती. विन्स्लोचे पत्र पुन्हा छापताना बोस्टनच्या अलेक्झांडर यंग या पाद्र्याने १८४१ मध्ये एक तळटीप घातली, की हे न्यू इंग्लंडचे पहिले थँक्सगिव्हिंग. एवढा मोठा सण एका तळटिपेतून उगवावा, हे संपादन करणाऱ्यांनी अभिमानाने सांगण्यासारखे आहे! न्यू इंग्लंडमध्ये शरद ऋतूतल्या आभारदिनाची चाल त्याआधीपासून होती. वॉशिंग्टनने १७८९ मध्ये देशभरासाठी एक दिवस जाहीरही केला होता. पण दर वर्षी, सगळ्या देशाने, एकाच दिवशी असे काही ठरलेले नव्हते.

ते ठरवून घेतले सेरा जोसेफा हेल या बाईने. न्यू हॅम्पशायरमधल्या न्यूपोर्टची ही विधवा, पदरी पाच मुले. ‘मेरीचे छोटे कोकरू’ ही जगभरच्या बालवाडीतली कविता तिचीच. तिच्या १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे एक अख्खे प्रकरण आहे, आणि टेबलाच्या मानाच्या जागी भाजलेली टर्की आहे. पुढे ती ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाची संपादक झाली. गृहयुद्धाच्या सुमारास ते दीड लाख प्रती खपणारे मासिक होते. या व्यासपीठावरून ती वर्षानुवर्षे राष्ट्रीय थँक्सगिव्हिंगसाठी अग्रलेख लिहीत राहिली, सोबत मेजवानीच्या पाककृती छापत राहिली, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे धाडत राहिली. २८ सप्टेंबर १८६३ ला तिने लिंकनला लिहिले. ३ ऑक्टोबरला लिंकनचा जाहीरनामा निघाला: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. गेटिसबर्गच्या लढाईला तीन महिने झाले होते. देश प्रेते मोजत होता आणि त्या जाहीरनाम्यात आभारांबरोबरच विधवा, अनाथ आणि शोकाकुल यांची आठवण ठेवायला सांगितले होते. हेलबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या होत्या.

१९३९ मध्ये रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे ओढला, कारण नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी दुकानदारांची कुरकुर होती. निम्म्या राज्यांनी ऐकले, निम्म्यांनी नाही, आणि टेक्सासने दोन्ही दिवस सुटी दिली. अखेर १९४१ मध्ये काँग्रेसने कायदाच करून चौथा गुरुवार पक्का केला.

आता ताट. अमेरिकन लेखिकेचे अमेरिकेत छापलेले पहिले पाकपुस्तक म्हणून अमिलिया सिमन्सच्या १७९६ च्या पुस्तकाचा मान आहे. टर्कीसोबत क्रॅनबेरीचा सॉस वाढावा हे त्यात आहे, आणि लाल भोपळ्याचे आजच्या पायच्या जवळ जाणारे पुडिंगही आहे. म्हणजे हा भाग खरोखरच जुना. स्टफिंगही जुनेच: पावाचे वाळके तुकडे, कांदा, सेलरी, लोणी आणि सेजचा सुवासिक पाला. मराठी जिभेला ते पहिल्याच घासात आपल्या फोडणीच्या पावाचे भावंड वाटते.

मात्र ताटातले जे पदार्थ ‘आजीच्या हातचे’ म्हणून डोळे पाणावतात, त्यांतले बरेचसे कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जन्मले. रताळ्यांवर मार्शमॅलोचा थर देण्याची कल्पना १९१७ मधली. मार्शमॅलो बनवणाऱ्या एका कंपनीने पाकतज्ज्ञ जॅनेट मॅकेन्झी हिल यांच्याकडून पाककृतींची पुस्तिका लिहून घेतली, तिच्यातून ती घरोघरी गेली. फरसबीचा कॅसरोल १९५५ चा. न्यू जर्सीतल्या कॅमडेनमध्ये कॅम्बेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांना काम मिळाले, की कोणाच्याही कपाटात सापडतील अशा जिनसांतून काहीतरी करा. फरसबी, मशरूमचे डबाबंद सूप, दूध, सोया सॉस, मिरपूड आणि वरून तळलेला कांदा. सहा जिनसा. नंतर त्यांना विचारले तर तो पदार्थ केल्याचे त्यांना धड आठवतही नव्हते. मूळ पाककृतीचे कार्ड २००२ मध्ये संशोधकांच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेले, विजेचा दिवा वगैरेंच्या शेजारी. हे योग्यच झाले. कोट्यवधी घरांत दर वर्षी जे शिजते, ते शोधणाऱ्या बाईचे नाव कुठेतरी नोंदलेले हवे.

खुद्द टर्कीचा प्रवास तर आणखी वाकडा. मेक्सिकोच्या बाजूला माणसाळवलेला हा पक्षी स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला, आणि इंग्रज वसाहतवाल्यांनी पाळीव टर्की अटलांटिक ओलांडून परत अमेरिकेत आणली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यालाही आली. जहांगीराने मुकर्रबखानाला गोव्याच्या बंदरात दुर्मीळ वस्तू खरेदी करायला पाठवले, तेव्हा १६१२ मध्ये त्याने आणलेल्या नवलाईत एक टर्की होता. मान आणि डोक्याचे रंग सरड्यासारखे बदलतात, हे पाहून बादशहा इतका हरखला की त्याने आठवणींत त्याचे वर्णन लिहिले आणि चित्र काढायला लावले. उस्ताद मन्सूरने रंगवलेला तो पक्षी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्लिमथच्या मेजवानीआधी नऊ वर्षे टर्की गोव्यामार्गे मुघल दरबारात मिरवून गेला होता.

या संग्रहाचा दुसरा भाग कृतज्ञतेच्या घरगुती उपक्रमांचा. इथे आधी एक नावडती गोष्ट सांगून टाकायला हवी. टेबलाभोवती आळीपाळीने ‘मी कशाबद्दल आभारी आहे’ हे म्हणायला लावण्याची पद्धत बहुतेकदा फसते. मुले ‘फॅमिली, फ्रेंड्स, फूड’ म्हणून मोकळी होतात, काकालोक विनोद करतात आणि ग्रेव्ही गार होते. प्रश्नच मोघम असतो, मग उत्तरही मोघम येते. त्याऐवजी ‘या वर्षी तुझ्यासाठी कोणी वेळ काढला?’ असे विचारावे. मग नाव येते, प्रसंग येतो, कधी बसचालक येतो, कधी शाळेतली ग्रंथपाल.

मानसशास्त्रज्ञांनीही या विषयात बरेच काम केले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या २००३ मधल्या शोधनिबंधात एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि त्यांना दहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहायला लावले: एका गटाने कृतज्ञता वाटेल अशा पाचपर्यंत गोष्टी, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाला आणि व्यायामही जास्त करत होता. पण सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांनाच लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली: ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहायचे आणि समोर जाऊन ते द्यायचे. त्याचा परिणाम ठळक होता, महिनाभर टिकला आणि मग ओसरला. वर्षातून एकदा सण असण्यात काही शहाणपण आहे, असे यावरून म्हणता येईल. फार ताणू मात्र नये.

म्हणून इथले उपक्रम थोडेच आहेत आणि साधे आहेत. पांढरी सुती चादर टेबलावर घालायची, प्रत्येकाने पेन्सिलीने एक नाव आणि एक ओळ लिहायची, हिवाळ्यात कोणीतरी त्यावर टाके घालायचे. पुढच्या वर्षी दोऱ्याचा रंग बदलायचा. ताटाशेजारी मक्याचे पाच दाणे ठेवायचे आणि दाण्यागणिक एक आठवण सांगायची. वसाहतीच्या दुष्काळात रोजचे पाचच दाणे वाट्याला येत, अशी यामागे दंतकथा आहे; ती सांगताना टिस्क्वांटमचे नावही सांगावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्यायची. स्टोरीकोअर या संस्थेने २०१५ पासून शाळकरी मुलांसाठी थँक्सगिव्हिंगच्या सुटीत हाच उपक्रम चालवला आहे. ध्वनिमुद्रणे काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन होतात.

न्यूयॉर्क आणि कॅनडाच्या भागातल्या होडेनोशोनी राष्ट्रांची परंपरा याहून जुनी. त्यांच्या सभेआधी एक आभारवाचन होते. माणसे, धरती, पाणी, मासे, रोपे, झाडे, पक्षी, वारे, सूर्य, चंद्र, तारे असे एकेकाचे नाव घेतले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर उपस्थित सहमती देतात. कोणी राहू नये हाच त्याचा कटाक्ष. लवकर उरकायचा तो प्रकार नव्हे.

मराठी माणसाला हे ओळखीचे वाटावे. आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे श्रोते चपला शोधू लागतात ती वेळ. पण त्यातही मांडववाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे घेतली जातात. घरात मात्र तोंड उघडत नाही. आईला ‘थँक्यू’ म्हणणे परकेपणाचे वाटते. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवायची, खंडेनवमीला अवजारांना फूल वाहायचे. आभार करून दाखवायचे, बोलून नाही. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांची मुले शाळेत हाताचा पंजा गिरवून त्याची टर्की रंगवतात आणि घरी येऊन विचारतात, आपण कोणाला थँक्यू म्हणायचे? आईवडिलांची पंचाईत होते ती इथे.

ताटाचा प्रश्न त्या घरांनी केव्हाच सोडवला आहे. चार दिवसांची सलग सुटी, त्यामुळे मित्रपरिवार दूरदूरच्या गावांहून मुक्कामालाच येतो. शाकाहारी घरांत टर्कीच्या जागी कधी भरली ढबू मिरची असते, कधी मसालेभात. डबाबंद भोपळ्याच्या गराचे घारगे होतात, रताळ्याचा कीस होतो. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजलेले असताना पुण्यात संध्याकाळचे साडेसात असतात. आजीआजोबांची मुलाखत तेव्हाच उरकून घ्यावी, कारण जेवणाच्या वेळी इकडे मध्यरात्र उलटलेली असते.

आणि क्रॅनबेरीचे लोणचे. कैरी न मिळणाऱ्या गावात या आंबट-तुरट लाल फळाने मराठी बायकांचा हात राखला. मीठ, हळद, तिखट, मोहरीची पूड, मेथी, हिंग, गुळाचा खडा आणि गार केलेली फोडणी. ते टर्कीबरोबर चालते, शुक्रवारच्या उरल्यासुरल्या सँडविचमध्ये तर अधिकच चालते. प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर या संग्रहात एक ओळ कोरी ठेवली आहे. ती कोणाकडून शिकलात त्यांचे नाव तिथे लिहावे. ताजी क्रॅनबेरी शरद ऋतूत बाजारात येते आणि नाताळनंतर दिसेनाशी होते, तेव्हा दोन पिशव्या जास्त घेऊन फ्रीजरमध्ये टाकाव्यात. लोणच्याची कृती पहिल्याच पानावर आहे.